विश्लेषण : काळी जमीन असूनही भूक का उरते? वि. स. पागे यांचे उत्तर

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ मध्ये का लागू झाला, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. गावातल्या मजुराने काम मागितले की ते देता यावे, यासाठी शहरातल्या पगारदाराकडून हा पैसा घ्यायचे ठरले होते. या व्यवस्थेमागे विठ्ठल सखाराम पागे यांचा विचार होता. आफ्रिकेत एवढी सुपीक जमीन, एवढी परदेशी मदत, तरी तिथे माणसे उपाशी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काळ्या जमिनीवर वसलेल्या जालना जिल्ह्याबद्दलही तो विचारता येतो. पागे यांनी त्यावर शोधलेले उत्तर धान्याच्या कोठारातून आलेले नव्हते.

पागे कोण होते?

पागे यांचा जन्म १९१० मध्ये सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. पेशाने वकील, वृत्तीने गांधीवादी आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. त्यांच्या पिढीतल्या अनेक काँग्रेस कार्यकर्त्यांची हीच ओळख होती. त्यांचे कार्यक्षेत्र तासगाव तालुका. आज द्राक्षांसाठी ओळखला जाणारा हा भाग त्या काळी पावसाच्या भरवशावर जगणारा आणि वरचेवर टंचाई सोसणारा होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि पागे विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल १८ वर्षे, ते त्या पदावर राहिले.

सभापतीच्या खुर्चीवरील माणूस मंत्री नसतो. त्याच्याकडे खाते नसते आणि निधीही नसतो. पण तो सर्व पक्षांचा असतो, आणि सरकारने त्याचे म्हणणे उडवून लावणे अवघड असते. पागे यांनी या पदाचा उपयोग याच कामासाठी केला.

विसापुरात काय घडले?

१९६३ मध्ये राज्याने एक विचित्र कायदा केला. राज्यातील कायद्यांमधून इंग्रजीतला ‘फॅमिन’ हा शब्दच वगळण्यात आला आणि त्याच्या जागी टंचाईची भाषा आली. यापुढे अन्नाविना माणसे मरू देणार नाही, असा त्यामागचा दावा होता. शब्द गेला, पण पावसाने आपली रीत सोडली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी देशभर मोठा दुष्काळ पडला. अमेरिकेतून पीएल-४८० करारान्वये येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ भारतावर आली. पुढचे जहाज केव्हा सोडायचे, हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होते. मदतीवर जगणे म्हणजे काय, हे आफ्रिकेआधी या देशाने अनुभवले आहे.

त्याच १९६५ मध्ये पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक लहानसा प्रयोग केला. शेतीचा हंगाम संपला की भूमिहीन मजुराकडे आणि कोरडवाहू अल्पभूधारकाकडे काम नसते. हात रिकामे राहतात आणि त्याच गावात बांध फुटलेले, नाले उघडे, रस्ते वाहून गेलेले असतात. मागणाऱ्याला काम द्यायचे, ते गावाच्या उपयोगाचे असायचे आणि त्याची मजुरी रोखीने द्यायची, एवढीच कल्पना होती.

इंग्रजांच्या काळापासून दुष्काळी कामे निघत होतीच. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर त्यासाठी नियमावल्याही आल्या. पण काम केव्हा काढायचे आणि केव्हा बंद करायचे हे सरकार ठरवी. दुष्काळ जाहीर व्हायचा, त्याआधी पाहणी व्हायची, त्याआधी आणेवारी लागायची, आणि तोवर घरातील भांडी बाजारात गेलेली असत. पागे यांनी हा क्रम उलटा केला. टंचाई आहे की नाही हे कलेक्टरने ठरवायचे नाही. काम मागायला आलेला मजूर हाच टंचाईचा पुरावा. ज्याच्या घरी धान्य आहे तो उन्हात खडी फोडायला येणार नाही.

बियाणे आले, मग भूक का राहिली?

विसापूरच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स अर्थात महिको ही कंपनी स्थापन केली. संकरित ज्वारी-बाजरीचे आणि पुढे कपाशीचे बियाणे जालन्यातून देशभर गेले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एकेकाळी सोन्याचा पाळणा म्हणून मिरवणाऱ्या या व्यापारी गावाने देशाचे अन्न वाढवण्यात खरोखरच मोठा वाटा उचलला.

पण बियाण्याला ओल लागते. जालन्याच्या काळ्या जमिनीत ओल धरून ठेवण्याची ताकद आहे. मात्र ती धरायला आधी पाऊस पडावा लागतो. शिवाय जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचेच पीक वाढते. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईसाठी पीक म्हणजे मजुरीचे दिवस. पीक गेले तर शेतकऱ्याचे उत्पन्न जाते, मजुराचे तर कामच जाते. बाजारात धान्य असले तरी ते घ्यायला त्याच्या गाठीला पैसा नसतो. भूक धान्याच्या तुटवड्याइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, पैशाच्या तुटवड्यातून येते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने जगापुढे मांडला. विसापूरचा प्रयोग त्याच्या १६ वर्षे आधीचा आहे.

बहात्तरमध्ये नेमके काय झाले?

१९७० पासून पाऊस दगा देत होता. १९७२ मध्ये तो जवळपास आलाच नाही. आजचा जालना जिल्हा तेव्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. मराठवाड्यात खरीप गेले, पाठोपाठ रब्बीची ज्वारीही गेली. राज्याचे धान्य उत्पादन चांगल्या वर्षाच्या निम्म्यावर आले. जनावरांचे भाव कोसळले, कारण चारा कोणाकडेच नव्हता. बैल विकून ज्वारी घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला दोन्हीकडून मार बसला. बैल स्वस्त आणि ज्वारी महाग. मराठवाड्यातली जुनी माणसे अजूनही सांगतात, की बहात्तरला विहिरीत थोडेफार पाणी होते पण कणगीत दाणा नव्हता, आणि २०१२ ला दाणा होता पण पाणी नव्हते.

पागे यांची कल्पना १ मे १९७२ रोजी राज्याच्या १५ कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना म्हणून आली होती. ती मूळ धरते न धरते तोच दुष्काळ इतका वाढला, की योजना बाजूला ठेवून सरसकट दुष्काळी कामे काढावी लागली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशी कामे गावोगावी निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसे या कामांवर होती. तेव्हाच्या महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी, म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस पाटी-फावडे घेऊन कामावर. लेकरू झाडाच्या फांदीला झोळीत टांगून खडी फोडणाऱ्या बाया, मुकादमाची हजेरी, आठवड्याचा पगार, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे मराठवाड्याच्या आठवणीत कायमचे राहिले. जालन्याच्या भागात आजही वापरात असलेले कित्येक रस्ते आणि तलाव बहात्तरचे म्हणून ओळखले जातात.

रेशन दुकानांतून मिळणारे धान्य गरजेपेक्षा फारच कमी होते. सरकारी धान्यावर राज्य जगले असते, असे आकडे सांगत नाहीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर निर्बंधही होते. तरी ते आले. कामावरच्या माणसाच्या हातात दर आठवड्याला रोख पैसा येत होता. जिथे गिऱ्हाईक आहे तिथे व्यापारी धान्य नेतोच, उघड नाही तर चोरून. मजुरीने धान्य ओढून आणले. ही मजुरी सुखासुखी मिळाली, असेही नाही. थकलेल्या पगारासाठी, कामाच्या जाचक मापासाठी मजुरांनी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे काढले आणि डाव्या पक्षांनी व संघटनांनी कामे बंद पाडली. मतपेटी आणि वर्तमानपत्रे असलेल्या राज्यात सरकारला तो आवाज ऐकावा लागला.

त्याच वेळी आफ्रिकेत काय घडले?

सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाला सहेल म्हणतात. मॉरिटेनिया, सेनेगल, माली, नायजर, चाड आणि तेव्हाचा अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) या देशांत १९६८ ते १९७३ असा सलग दुष्काळ पडला. काळ जवळपास महाराष्ट्राचाच. दुष्काळाच्या टोकाच्या वर्षी दरडोई धान्य सहेलमध्ये महाराष्ट्रापेक्षा जास्त होते. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात ही तुलना केली आहे. अधिक धान्य असलेल्या सहेलमध्ये उपासमार आणि रोगराईने मोठ्या संख्येने माणसे मेली, तर कमी धान्य असलेल्या महाराष्ट्रात तसे झाले नाही. महाराष्ट्रात मृत्युदर किती वाढला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हाल झाले आणि कुपोषणही झाले. पण गावेच्या गावे ओस पडली नाहीत.

सहेलमध्ये जमीन नव्हती, असे नाही. फ्रेंच राजवटीपासून चांगली जमीन भुईमूग आणि कापसाला दिली गेली होती आणि दुष्काळातही या मालाची निर्यात थांबली नाही. परदेशी मदत आली, पण १९७३ मध्ये, तीही बंदरात आणि राजधानीत. वाळवंटाच्या कडेला जनावरे गमावून बसलेल्या गुराख्यापर्यंत पोहोचेतो उशीर झाला होता. त्या गुराख्याला काम मागण्याची जागा नव्हती आणि जाब विचारण्याची सोयही नव्हती.

इथिओपियात तर याहून विपरीत घडले. १९७३ मध्ये वोलो प्रांतात लोक उपाशी मरत असताना देशाच्या एकूण धान्य उत्पादनातली घट किरकोळ होती. वोलोच्या बाजारात भावही फारसे चढले नव्हते, कारण विकत घ्यायला कोणाकडे पैसाच नव्हता. प्रांतातून धान्य बाहेर चालले होते. सम्राट हैले सेलासी यांच्या दरबाराने बातमी दाबली. १९७४ मध्ये त्यांची गादी गेली, त्याला हा दुष्काळही कारणीभूत ठरला.

आफ्रिका हा एक देश नाही. तिथल्या प्रत्येक भुकेला हेच एक कारण लावणे चुकीचे ठरेल. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मध्ये पसरलेला सुदानचा गेझिरा प्रदेश जगातल्या मोठ्या सिंचन क्षेत्रांपैकी एक आहे. तरीही एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धाने त्या देशाच्या काही भागांत दुष्काळी मृत्यू ओढवले. जिथे बंदूक घेऊन धान्याची वाट अडवली जाते तिथे पागे यांचे उत्तर उपयोगाचे नाही. त्याला किमान शांतता आणि बऱ्यापैकी चालणारे तहसील कार्यालय लागते.

योजनेचा कायदा कसा झाला?

१९७३ ला पाऊस बरा झाला. दुष्काळी कामे आवरती घेतली गेली. संकट सरले की उपायही गुंडाळायचा ही सरकारी रीत. रोजगार हमीचेही तेच झाले असते. पण पागे यांचा आग्रह होता, की दुष्काळ नसलेल्या वर्षीही मजुराचा उन्हाळा रिकामाच असतो. १९७४-७५ पासून योजना पुन्हा उभी राहिली. १९७५ च्या व्यवसाय कराने तिला स्वतःचा निधी मिळाला. जमा झालेल्या कराइतकीच भर राज्याने घालायची, असे ठरले. मुंबईचा पैसा मराठवाड्याच्या बांधावर नेण्याची अशी थेट सोय राज्यात क्वचितच झाली असेल.

डिसेंबर १९७७ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. पागे तेव्हा सभापती होते. ज्या कल्पनेला त्यांनी विसापुरात जन्म दिला तिच्यावरील चर्चेत सभापती म्हणून त्यांनी खुर्चीत बसायचे होते, बाजू मांडायची नव्हती. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून, राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत, सांगितला आहे. एखाद्या राज्याने तो ग्रामीण भागापुरता का होईना कायद्याने देण्याची ही देशातील पहिली वेळ होती. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो सुरुवातीला दिवसाला अवघा एक रुपया होता. रक्कम नगण्य, पण ती देणे म्हणजे सरकारने आपली चूक मान्य करणे होते. बाई आणि गडी यांना मोजमापाप्रमाणे सारखाच दर होता. कामावर निम्म्याच्या आसपास बायाच असत.

पुढे योजना कुठे अडली?

पागे यांच्या डोळ्यांपुढे जमिनीत ओल मुरवणारी कामे होती. यंत्रणेला रस्ते सोपे वाटत. त्यांचे माप घेणे सोपे, आणि मस्टरवर खोटी नावे चढवणेही सोपे. बोगस मजुरांची प्रकरणे गाजत राहिली. १९८८ मध्ये योजनेची मजुरी वाढीव किमान वेतनाला जोडली गेली. त्यानंतर मजुराला मिळणारे काम वाढायला हवे होते. ते घटले. दर वाढला, पण त्या दराने मागेल त्याला काम देण्याइतका पैसा आणि तयारी सरकारने दाखवली नाही. कायदा तसाच राहिला, हमी मात्र पातळ झाली.

पागे यांचे निधन मार्च १९९० मध्ये झाले. त्याच सुमारास योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि राज्यात रोहयोच्या पैशावर फळझाडांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. जालन्यातही मोसंबीच्या बागा वाढल्या. शेतकऱ्याला त्याचा लाभ झालाच. पण ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठी सुरू झालेला पैसा जमीनवाल्याकडे अधिक वळला, हे नाकारता येणार नाही. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून याच मोसंबीची झाडे हजारोंनी वाळली. सरपण म्हणून बागा तोडाव्या लागल्या. त्याच वर्षी जालना तालुक्यातील कडवंचीने मात्र तग धरला. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत पाणलोटाची कामे झाली होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि त्यानंतर शेततळी. रोजगार हमीतून व्हायला हवी होती, ती कामे ही अशी होती.

महाराष्ट्राच्या या कायद्याचा आधार घेत २००५ मध्ये संसदेने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा राष्ट्रीय कायदा केला. योगायोगाने त्याच वर्षी इथिओपियानेही वेगळी वाट धरली. दरवर्षी उपासमार सुरू झाल्यावर जगापुढे हात पसरायचा आणि मदत येईतो लोकांनी बैल विकलेले असायचे, हे चक्र तिथे वर्षानुवर्षे चालले होते. २००५ पासून तिथल्या लाखो कुटुंबांना दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत बांधबंदिस्तीचे काम आणि त्याबदल्यात पैसे किंवा धान्य मिळू लागले. पैसा बराचसा परदेशी देणगीदारांचाच होता. फरक इतकाच, की तो कधी येणार हे कुटुंबाला आधी ठाऊक होते.

जालन्यात काय दिसते?

जालना १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड आणि घनसावंगीच्या गोदाकाठाला पाणी दिले. तिथे ऊस आला, साखर कारखाने आले. शहरात बियाणे कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनवर दोन-तीन रुपये किलोने गहू-तांदूळ दिला. पोट भरण्यापुरते धान्य आता बहुतेक घरांत पोहोचते. उरलेली भूक निराळी आहे. ती ताटात डाळ, दूध, भाजी नसण्याची आहे. ती मोजायची तर धान्याचे पोते नव्हे, अंगणवाडीतला वजनकाटा पाहावा लागतो.

आणि ती दसऱ्यानंतर रस्त्यावरही दिसते. मंठा, अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्च झालेली असते आणि ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता पाच-सहा महिने राबतो. लहान मुले सोबत जातात, अंगणवाडी आणि शाळा मागे राहते. गावात काम नसलेल्या याच महिन्यांसाठी पागे यांनी योजना आखली होती. उचल मागितल्या दिवशी हातात मिळते. हमीचे काम मागावे लागते, ते मंजूर व्हावे लागते आणि मजुरी बँकेत जमा होईतो वाट पाहावी लागते. काम मागितल्याची तारीख घातलेली पोच ग्रामपंचायतीने दिली नाही, तर १५ दिवस कधीपासून मोजायचे हेच ठरत नाही आणि बेकारी भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७७ च्या कायद्यात हा भत्ता होता, २००५ च्या कायद्यातही तो होता. पोच मागणारा मजूर मात्र तेव्हाही विरळा होता.